पाय दुखत नाही, म्हणून पाहायचा नाही?

मधुमेहाचा रुग्ण महिन्याला दवाखान्यात येतो. साखर पाहिली जाते, ब्लड प्रेशर मोजले जाते, गोळ्या लिहून दिल्या जातात. पण 'चप्पल-मोजे काढा, टेबलावर पाय वर घ्या' असे क्वचितच कोणी सांगते. रुग्णही आपणहून म्हणत नाही. एक तर मागे रांग मोठी असते. दुसरे म्हणजे, मळलेले, भेगाळलेले पाय डॉक्टरांपुढे करायला संकोच वाटतो, आयाबहिणींना तर फारच. पायाला सर्वांत खालचा दर्जा देणारी उतरंड आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. निदान तपासणीच्या टेबलावर तरी ती नको.

तिसरे कारण सर्वांत धोक्याचे. पाय दुखत नसतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू खराब होतात. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. कोणाला रात्री तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, कळा मारतात. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांमुळे त्यांना आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते, हे आपण चरित्रांत वाचले आहे. वेदना असली की माणूस निदान उपचार तरी शोधतो. कोणाची मात्र संवेदनाच हळूहळू जाते, आणि अशा माणसाला काही झाले आहे हेच कळत नाही. सफाई कामगाराच्या गमबुटात शिरलेला खडा दिवसभर रुततो आणि संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसला की कळते. त्यात रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही, जंतू हाडापर्यंत पोचतात, आणि मग बोट कापायचे की पाय, हा प्रश्न येतो. अशा बहुतेक शस्त्रक्रियांच्या आधी एक साधी, वेळीच न पाहिलेली जखम असते.

म्हणून पाय रोज पाहावा. रात्री पाय धुऊन, पुसून, चांगल्या उजेडात बसावे. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा घरातल्या मुलाला-सुनेला पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत का, टाचेची भेग खोल जाऊन ओली झाली आहे का, फोड आहे का, नख मांसात रुतते आहे का, हे पाहावे. घट्टा किंवा कुरूप असेल तर तिथे दाब पडतो आहे, हे ओळखावे. घट्ट्याखाली काळपट डाग दिसला तर आत जखम असू शकते. पुस्तकांत 'लालसर दिसते' असे लिहिलेले असते, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांइतकाच हात वापरावा. हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर फिरवून तुलना करावी. एकच पाय जास्त गरम आणि सुजलेला असेल, तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्या पायाची हाडे आतल्या आत खचत असण्याची शक्यता असते, आणि तोवर त्यावर भार देऊ नये.

संवेदना आहे की नाही हे घरीही पाहता येते. रुग्णाने झोपून डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांच्या टोकांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही. आधी उजवा अंगठा, उजवी करंगळी, मग डावा अंगठा, डावी करंगळी, शेवटी उजवे आणि डावे मधले बोट. स्पर्श कळला की रुग्णाने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असे धरून दवाखान्यात जावे. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. तिला एक पैसा लागत नाही.

दवाखान्यात हेच काम मोनोफिलामेंट नावाच्या नायलॉनच्या धाग्याने करतात. १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. आधी हातावर टेकवून स्पर्श कसा लागतो ते दाखवावे, मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याला आणि चवड्याला टेकवावा. घट्ट्यावर टेकवू नये, तिथे निरोगी माणसालाही नीट कळत नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का, तेही पाहतात. मग नाडी. एक पायाच्या वरच्या बाजूला, दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. वरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही शोधाव्या लागतात. थोडे चालले की पोटरीत गोळे येतात आणि थांबले की जातात, असे होत असेल तर ते आपणहून सांगावे. वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. बिडी-तंबाखू असेल तर तेही लपवू नये.

नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरल्यावर खड्डा राहिला तर ती सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताची असू शकते, कधी नुसती दिवसभर उभे राहण्याचीही. मात्र एकच पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली तर शिरेत गुठळी असू शकते. ती चोळू नये, तातडीने रुग्णालयात जावे. कातडीवर फिकट, बधिर चट्टा असेल किंवा चालताना पाऊल उचलले जात नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

कुरूप ब्लेडने कापणे, बाजारातली कुरुपाची पट्टी लावणे, बधिर पाय गरम पाण्यात बुडवणे, या तिन्ही गोष्टींनी मी पाहिलेल्या अनेक जखमा सुरू झाल्या. पाण्याचा अंदाज पायाने नव्हे, कोपराने घ्यावा. तेल लावा, पण बेचक्यांत नको. चप्पल-बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. गमबूट घालण्याआधी उलटा करून झटकावा, आत हात घालून पाहावे. मोजे फिक्या रंगाचे असावेत म्हणजे डाग दिसतो.

६ डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांना चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागते. मधुमेह असेल तर नवी चप्पल त्या दिवशी काढू नका, आठ-दहा दिवस आधीपासून रोज थोडा वेळ घालून सवय करा. अनवाणी चालू नका. सोबत कोरडे मोजे, स्वच्छ पट्टी आणि आपल्या गोळ्या ठेवा. मुक्कामाला पोचल्यावर, जेवायला बसण्याआधी, दोन्ही तळवे कोणाकडून तरी पाहून घ्या. जखम, फोड किंवा काळे पडलेले बोट दिसले तर गावी परतेपर्यंत थांबू नका, तिथल्याच वैद्यकीय मदत केंद्रात दाखवा. आणि पुढच्या वेळी आपल्या दवाखान्यात नंबर लागला, की डॉक्टरांनी सांगण्याआधीच चप्पल काढून बसा.