नव्या माणसाला आधी वारा दाखवा

कामाची जागा : लेखांक सातवा

हेल्मेट आणि बुटांवरचा गेल्या आठवड्यातला लेखांक वाचून एका वाचकांचा फोन आला. त्यांची मुलगी पिथमपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात नुकतीच लागली आहे. पहिले दोन दिवस तिला कामगारांबरोबर सुरक्षेच्या वर्गात बसवलं. "अहो, ती टेबलाशी बसून बिलं तपासणार. तिला गॅस, आग, परमिट कशाला शिकवता?" असं ते विचारत होते. प्रश्न मनापासूनचा होता. फोनवर मी दिलेलं उत्तर मलाच अपुरं वाटलं, म्हणून आजचा ठरलेला विषय पुढे ढकलून हा लेखांक त्यांच्या प्रश्नासाठी.

त्या मुलीला मी पहिल्या दिवशी एकच विचारलं असतं: आत्ता वारा कुठून येतोय?

रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यात उंच खांबावर किंवा छपरावर एक कापडी नळी फडफडत असते, बहुधा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची. विमानतळावरही तुम्ही ती पाहिली असेल. सगळे तिला विंडसॉकच म्हणतात. तिचं रुंद तोंड जिकडे, तिकडून वारा येतोय. निमुळतं टोक जिकडे, तिकडे जातोय. गॅस सुटला तर तोही त्या टोकाच्या दिशेनेच जाणार. आपण त्या रेषेतून आधी आडवं बाहेर पडायचं आणि मग वाऱ्याच्या तोंडाकडे चालायचं. हे शिकायला दोन मिनिटं पुरतात. न शिकल्याची किंमत आमच्या मध्य प्रदेशाने मोजली आहे.

भोपाळ इंदूरपासून दोनशे किलोमीटरच्या आत. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४२ टन मिथाइल आयसोसायनेट होतं. हे द्रव ३९ अंशांना उकळतं, म्हणजे मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी नुसतं उघडं ठेवलं तरी उकळेल. ते थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच्या मध्यापासून बंद होती. निसटणारा गॅस धुऊन काढणारा स्क्रबर तयारीत नव्हता. गॅस जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळाचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे होते, पण गॅस जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत ते पोचत नव्हते. टाकीत पाणी शिरलं आणि पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. पाणी कसं शिरलं यावर आजही वाद आहे. कंपनीने घातपाताचा दावा केला. मात्र बचावाच्या या यंत्रणा त्या रात्री कामाच्या नव्हत्या, एवढं कुठल्याही बाजूचं ऐकलं तरी उरतंच.

नव्या लोकांच्या वर्गात मी यापुढची गोष्ट सांगतो. कारखान्याच्या आत, टाकीच्या सगळ्यात जवळ असलेले रात्रपाळीचे बहुतेक कामगार त्या रात्री वाचले. कारण त्यांना वारा वाचता येत होता. गॅस कुठे चाललाय हे पाहून ते उलट्या दिशेने निघाले. भिंतीपलीकडच्या जयप्रकाश नगरातली माणसं, काझी कॅम्पातली माणसं झोपेतून खोकत उठली आणि वाट फुटेल तिकडे, म्हणजे पुष्कळशी गॅसबरोबरच, धावली. नाकातोंडावर ओला फडका धरा, एवढंसुद्धा त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. हजारो माणसं गेली. आत असलेल्यांपेक्षा बाहेर असलेले जास्त मेले, याचं मोठं कारण अंतर नव्हतं. आतल्यांना जी माहिती होती ती बाहेरच्यांना नव्हती.

हिशेब विभागातली मुलगी ही कारखान्याच्या आत बसणारी, पण माहितीच्या दृष्टीने भिंतीपलीकडची व्यक्ती असते. कार्यालय बहुधा फाटकाजवळ, खिडक्या बंद, कूलर चालू. कूलर बाहेरची हवा आत ओढतो. गॅसचा भोंगा झाला तर पहिलं काम तो बंद करण्याचं, आणि ते खोलीतल्या कुणाला माहीतच नसेल तर टेबलाशी बसणं हेच धोक्याचं ठरतं. आमच्या भागात पावसाळ्यात वारा साधारण पश्चिमेकडून, नैऋत्येकडून असतो आणि हिवाळ्यात बराचसा उत्तरेकडून, ईशान्येकडून. म्हणून जमा होण्याच्या जागा दोन असाव्या लागतात, निदान एकमेकींच्या विरुद्ध दिशांना. जुलैत सुरक्षित असलेली जागा जानेवारीत गॅसच्या वाटेत येऊ शकते. तेव्हा 'असेंब्ली पॉइंट' लिहिलेली हिरवी पाटी पाहून थांबू नका. दुसरी पाटी कुठे आहे ते विचारा.

भोपाळची आणखी एक गोष्ट मला पिथमपुरात रोज आठवते. तिथल्या कामाच्या सूचनापुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या वापरणाऱ्या अनेकांचं इंग्रजी जेमतेम होतं. खर्च कमी करण्यासाठी मिथाइल आयसोसायनेटच्या विभागातली माणसंही निम्म्यावर आणली होती. आता आपल्याकडे पाहा. पिथमपूर धार जिल्ह्यात. पाळीवर येणारा कुणी झाबुआकडचा, घरात भिली बोलणारा. कुणी निमाडी, कुणी माळवी बोलणारा, कुणी बिहारचा. पर्यवेक्षक पुष्कळदा आपल्यातला, इंदूरचा मराठी माणूस, नाहीतर पुण्याहून बदली होऊन आलेला. आणि ड्रमवरची चिठ्ठी इंग्रजीत. कवटीचं चित्र सगळ्यांना कळतं. पण जळणाऱ्या वर्तुळाचं चित्र म्हणजे 'हे स्वतः पेट न घेता दुसऱ्याची आग भडकवतं' हे सांगितल्याशिवाय कुणालाही कळत नाही, इंजिनिअरलाही नाही. सांगितल्यावर लगेच सही घेऊ नका. त्याला त्याच्या भाषेत परत सांगायला लावा. वेळ जातो, पण वर्ग तिथेच होतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो तिथे सांडपाण्याच्या जमिनीखालच्या टाकीत पंप बसवायचा होता. आदल्या दिवशी त्याच टाकीत तेच काम झालं होतं, हवा मोजली होती, सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत उतरण्याचं परमिट माझ्या टेबलावर आलं आणि मी जागेवर न जाता, कालचाच आकडा डोळ्यांसमोर ठेवून सही केली. परमिट एका पाळीपुरतं असतं, हवा दर वेळी नव्याने मोजायची असते, हे मीच लोकांना शिकवत होतो.

टाकीच्या तोंडाशी एक मदतनीस मुलगा होता. कामाचा त्याचा चौथा दिवस. मी तिथे सहज चक्कर मारायला गेलो तेव्हा उतरणारा माणूस पट्टा बांधत होता आणि हा मुलगा चाचरत म्हणाला, "साहब, मीटर नहीं डालोगे? क्लास में तो बोला था पहले मीटर." मी दोरीला बांधून मीटर खाली सोडला. वर चांगला होता. अर्ध्यावर गेला आणि ओरडायला लागला. ऑक्सिजन १७ टक्क्यांवर. मोकळ्या हवेत तो २०.९ असतो आणि १९.५च्या खाली माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइडचा दिवाही लाल. रात्रीतून गाळ ढवळला गेला होता.

त्या गॅसचा स्वभाव नीट समजून घ्या, कारण तो फक्त कारखान्यात नसतो. कॉलनीच्या सेप्टिक टाकीत, रस्त्यावरच्या चेंबरातही असतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं माणसाला वाटतं, आणि पुढच्या एकदोन श्वासांत तो कोसळतो. मग वरचा सोबती त्याला काढायला उतरतो, त्याच्यामागे तिसरा. चेंबरात एकापाठोपाठ दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा घडतात. खाली पडलेल्याला दोरीने, तिपाईने, वरून ओढायचं असतं. श्वासाचा संच नसताना मागोमाग उतरायचं नाही, तो सख्खा भाऊ असला तरी. सफाईसाठी माणसाला साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. सोसायटीच्या सचिवांनीही हे वाचावं. टाकी साफ करायला माणूस ते बोलावतात, तेव्हा जबाबदारी त्यांचीही असते.

त्या मुलाने विचारलं नसतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. हे काम करण्याचा मला हक्कच उरला नसता. चार दिवसांच्या माणसाला प्रश्न विचारता आला, कारण वर्गात त्याला 'पहिलं मीटर' एवढं एक वाक्य पक्कं मिळालं होतं आणि ते बोलल्याबद्दल आधी कुणी त्याला झापलेलं नव्हतं.

विचारण्याचा हा हक्क कायद्यातही आहे, आणि तो भोपाळनंतरच आला. १९४८च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली धोकादायक उद्योगांसाठी नवं प्रकरण घातलं गेलं: कारखानदाराने धोक्यांची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला द्यायची, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी घ्यायचे, आणि धोका समोर दिसत असेल तर कामगाराने तो वरिष्ठांच्या नजरेस आणून द्यायचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही ही शेवटची तरतूद आहे, आणि तिथे ती प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी आहे. हिशेब विभाग त्यातून वगळलेला नाही.

भोपाळ पुढे चाळीस वर्षांनी पिथमपुरात येऊन उभं राहिलं. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये आदेश दिला आणि १ जानेवारी २०२५च्या रात्री कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा बारा बंद कंटेनरमधून निघून तारपुरा गावाजवळच्या जाळण्याच्या केंद्रात पोचला. पिथमपुरात लोक रस्त्यावर आले. आंदोलनात दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. इंदुरातही भीती होती, कारण आपला यशवंत सागर जलाशय फार दूर नाही. न्यायालयाच्या देखरेखीखाली फेब्रुवारीअखेरीपासून दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलो वेगाने. मग उरलेला ३०७ टन कचरा जाळून जूनच्या अखेरीस काम संपलं. त्या आंदोलकांना अडाणी म्हणणारे मला तेव्हा बरेच भेटले. मला ते पटलं नाही. तारपुऱ्याची माणसं तेच विचारत होती जे जयप्रकाश नगराला विचारायची संधी मिळाली नव्हती: काय आणताय, किती, आणि वारा आमच्याकडे असेल तेव्हा काय?

या सगळ्यात एक तपशील नव्या लोकांनी मनात ठेवावा. भोपाळला तो कचरा भरणाऱ्या सुमारे शंभर कामगारांच्या पाळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या होत्या. तीस मिनिटं काम, मग बाहेर, तपासणी, विश्रांती. १९८४ साली ज्या आवारात यंत्रणा बंद ठेवून पैसे वाचवले गेले, तिथेच चाळीस वर्षांनी एका माणसाच्या श्वासाचा हिशेब तीस मिनिटांचा झाला. तुमच्या कामावर असं घड्याळ कोण लावतं ते पाहा. मे महिन्यात छतावर सोलर पॅनल बसवणाऱ्या पोराला सावली आणि पाणी किती वेळाने मिळतं? वेल्डिंगवाल्याला?

कार्यालयासाठी वेगळं फार थोडं आहे. जिन्याच्या दारामागे फायलींचे गठ्ठे आणि जुन्या खुर्च्या ठेवू नका. आग विझवण्याच्या नळकांड्याची सुई काढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दाबायचं, डावीउजवीकडे झाडल्यासारखं फिरवायचं. एकदा हाताने करून पाहा, वाचून येत नाही. आणि कचरा: इंदूरचं माणूस घरी सहा प्रकारांत कचरा वेगळा करतं, घंटागाडी आली की डबे घेऊन धावतं, पण तेच माणूस कार्यालयात जुनी ट्यूबलाइट चहाच्या कपांबरोबर टाकतं. तिच्यात पारा असतो. बॅटऱ्या, शाईची काडतुसं, रंगाचे डबे हे घरी ज्या डब्यात जातात त्याच डब्यात इथेही गेले पाहिजेत. कारखान्यातला तेलकट फडका तर साध्या कचऱ्यात कधीच नाही.

हा लेखांक पाठवण्याआधी त्या वाचकांना मी पुन्हा फोन केला. मुलगी शेजारीच होती, तिनेच घेतला. म्हणाली, "काका, आमच्या खिडकीतून ती नळी दिसते. पण टोकाला फाटून दोरीला गुंडाळली गेली होती, वारा कुठूनही आला तरी एकीकडेच तोंड. मी सेफ्टीवाल्यांना लिहून दिलं." त्यानंतर चार दिवसांनी नवी चढवली, हेही ती म्हणाली. चढणाऱ्याने पट्टा लावला होता का, असं मी विचारणार तोच तिने सांगितलं: लावला होता, आणि खाली एक माणूस शिडी धरून होता.