दूरशिक्षणाने धर्मशास्त्र शिकता येतं, फादर होता येत नाही

उरणमध्ये राहून, नोकरी सांभाळून कॅथलिक धर्मशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने घ्यावी का? माझ्या मते जरूर घ्यावी, पण कशासाठी ते आधी ठरवावं. १९८३ च्या कॅनन लॉमधला, म्हणजे चर्चच्या कायद्यातला, २२९वा नियम प्रापंचिकांनाही धर्मशास्त्राचं उच्च शिक्षण आणि पदवी घेण्याचा हक्क देतो; त्यात बायकाही आल्या. मे २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कामाला अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला, म्हणजे शिकलेल्या प्रापंचिकांना वाव आहेच. पौरोहित्याचं गणित वेगळं. तिथे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून किमान सहा पूर्ण वर्षं लागतात. बिशपांनी सवलत दिली तरी त्यातली चार सेमिनरीत राहूनच.

कुणी म्हणेल, २०२४ पासून उरणला लोकल आहे, अटल सेतूही झाला, मग मुंबईला जाऊन वर्गातच बसा की! बंदरात पाळ्या करणाऱ्याला हे सांगून बघा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजाऱ्याजवळ बसणं, शोकातल्या घराला धीर देणं पडद्यावर शिकता येत नाही. खरंच आहे. म्हणून अभ्यास घरी आणि सराव आपल्याच धर्मग्रामात, फादरांच्या देखरेखीखाली करावा. आणखी एक: सेरामपूर कॉलेजची बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) ही घरी राहून घेता येणारी बाह्य पदवी प्रॉटेस्टंट परंपरेतली आहे. उरण मुंबई महाधर्मप्रांतात येतं, तेव्हा कोणती पदवी चालेल हे फी भरण्याआधी तिथे विचारा.