कुळकायदा आणि मतदार : परभणीकडील एक विचार

राज्यकर्त्याच्या धोरणाचें मूळ त्याच्या स्वभावांत शोधण्याची रीत जुनी आहे. परंतु त्याचें पद कोणाच्या हातीं आहे, हें पाहिल्यावांचून धोरणाचा उलगडा होत नाहीं, असें आमचें मत आहे. परभणी जिल्ह्यानें अल्पकाळांत तीन प्रकारची राज्यव्यवस्था पाहिली. म्हणून हें उदाहरण आम्हीं घेतलें आहे.

पहिली निजामी. १९३९ च्या सुधारणांत योजिलेलें कायदेमंडळ धंदेवार प्रतिनिधित्वाचें होतें व मंत्री निजामासच जबाबदार राहिले. कुळाच्या नाराजीनें मंत्र्याचें आसन हालत नसे.

दुसरी १९४८ च्या पोलिस कारवाईनंतरची. लष्करी अंमलांत १९४९ सालीं जहागिरी नष्ट झाल्या. पुढें नेमलेल्या मंत्रिमंडळाच्या काळीं १९५० चा कूळवहिवाटीचा कायदा झाला. मताविना सुधारणा कशी झाली, असा आक्षेप येईल. त्याचें समाधान असें कीं, तेलंगणांतील शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव समोर होता, आणि प्रौढ मतदान राज्यघटनेनें निश्चित झालें होतें. येणारा मतदार आधींच दारांत उभा होता.

तिसरी १९५२ नंतरची. लोकसभेची परभणीची जागा शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारे यांनीं जिंकली, हैदराबादेंत बी. रामकृष्णराव यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ आलें. १९५४ च्या दुरुस्तीनें जमिनीस कमाल मर्यादा व संरक्षित कुळास मालकी देण्याची तरतूद आली. ती एका जागेच्या पराजयाचें फळ म्हटल्यास अतिव्याप्ति होईल; परंतु शेतकऱ्याच्या नांवानें मत मागणारा प्रतिस्पर्धी असतां स्वस्थ बसणें सत्ताधाऱ्यांस परवडणारें नव्हतें, हें उघड आहे.

मग कुळें सुखी झालीं काय? ए. एम. खुस्रो यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत हैदराबाद संस्थानांतील अनेक संरक्षित कुळें बेकायदा काढून लावलीं गेलीं, किंवा त्यांनीं ‘स्वखुषीनें’ जमिनी सोडल्या, असें दिसून आलें. कारण आमच्या मतें हें : कायदा करितांना पुढारी बहुसंख्य कुळांकडे पाहतो, अंमल करितांना मात्र गांवचीं मतें गोळा करून देणाऱ्या वजनदार जमीनदाराकडे पाहतो. मत पांच वर्षांनीं एकदां पडतें, तलाठ्याचें दप्तर रोज लिहिलें जातें.

म्हणून केवळ कायद्यांच्या सनावळीवर इतिहास रचूं नये. त्या काळच्या कुळनोंदी, फेरफार व राजीनाम्यांचे कागद जेथें उरले असतील, तेथें ते वाळवीच्या मुखीं पडण्यापूर्वीं अभ्यासकांनीं उतरून घ्यावेत. लोकसत्तेची खरी परीक्षा त्यांतच लिहिलेली आहे.