249 टक्के ओलं लाकूड

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेस्टर्न रेड सीडर या झाडाच्या बाहेरच्या, पाणी वाहून नेणाऱ्या लाकडात सरासरी 249 टक्के ओलावा असतो. आकडा चुकलेला नाही. लाकडातल्या पाण्याचं वजन त्याच लाकडाच्या पूर्ण कोरड्या वजनाशी ताडून पाहतात. म्हणजे इथे 100 किलो कोरड्या लाकडामागे 249 किलो पाणी! कोरडं वजन काढायला तुकडा 103 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात, वजन उतरायचं थांबेपर्यंत.

आता आपल्याकडच्या वखारीत या. जेवणाच्या टेबलासाठी आंब्याचा स्लॅब घेतला: आठ फूट लांब, तीन फूट रुंद, तीन इंच जाड. कोरडं वजन 90 किलो आणि ओलावा 80 टक्के धरला, तर त्यात 72 लिटर पाणी झालं. 12 टक्क्यांवर यायला 61 लिटर बाहेर पडलं पाहिजे. इंचाला एक वर्ष, हा जुना ठोकताळा. त्या हिशेबाने तीन वर्षं, रोज सरासरी 56 मिलिलिटर. एवढं पाणी विजेवर उडवायचं तर 40 युनिट तरी जळतील. मध्ये पट्ट्या घालून रचलेल्या थप्पीत हेच काम वारा फुकट करतो.

ओलावा साधारण 30 टक्क्यांपर्यंत उतरताना पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं आणि लाकूड जवळपास आकसत नाही. त्याखाली पेशींच्या भिंतीत मुरलेलं पाणी सुटू लागतं. मग ओंडक्याच्या कडेची, फूटभर रुंद सागवानी फळी 12 टक्क्यांवर येईपर्यंत रुंदीत सुमारे एक सेंटिमीटर घटते. आठ फूट लांबीत मात्र फार तर तीन मिलिमीटर. भेगा आणि पीळ अशा असमान आकसण्यातून येतात. 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेत लाकूड 12 टक्क्यांवर स्थिरावतं. तेव्हा उरलेलं पाणी लाकडाने किती घट्ट धरलेलं असतं? हिशेब मांडला तर ती ओढ हवेच्या दाबाच्या सुमारे 570 पट भरते. समुद्रात पावणेसहा किलोमीटर खोलवर असतो तेवढा हा दाब!

ओलावा दाखवणारा दोन पिनांचा मीटर प्रत्यक्षात लाकडाचा विजेला होणारा विरोध मोजतो. डग्लस फर या झाडाच्या लाकडात 25 टक्क्यांना तो जवळपास अर्धा मेगाओहम असतो, 12 ला 120 आणि 7 ला 22 हजारांच्या वर. मीटरवर 18 अंकांचा फरक, आत चाळीस हजार पटींहून मोठा! 30 च्या वरच्या आकड्यावर मात्र या मीटरचा भरवसा धरू नये. शिवाय आखूड पिना काही मिलिमीटरच आत जातात. वरून 12 दाखवणाऱ्या जाड स्लॅबचा गाभा 25 वर असू शकतो, आणि टेबल फाटतं ते त्या गाभ्यामुळे.

किती टक्के म्हणजे कोरडं, हे गावावर ठरतं. कोकणात श्रावणातल्या 85 टक्के आर्द्रतेत लाकूड 18 च्या आसपास थांबतं, तर नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारची हवा त्याला 5 कडे ओढते. लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणारं आयएस 287 हे भारतीय मानकही आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करतं. म्हणून स्लॅब घेताना ‘सुकलेला आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे देऊ नका. टोकापासून फूटभर आत कापून, ताज्या कापाच्या मध्यावर पिना टोचून आकडा दाखवायला सांगा.