खाडा पडेल म्हणून : चिंचपोकळीच्या तब्येतीचा मागोवा

चिंचपोकळी स्टेशनवरून आर्थर रोडने, म्हणजे आताच्या साने गुरुजी मार्गाने, सात रस्त्याकडे निघालं की वाटेत कस्तुरबा रुग्णालय लागतं. १८९२ पासूनचं हे साथीच्या रोगांचं रुग्णालय. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि बघता बघता मुंबई रिकामी होऊ लागली. पुढच्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा दोन वर्षांनी जवळच परळला आली. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला. मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण कस्तुरबातच दाखल झाले, तेव्हा सरकारने हाच सव्वाशे वर्षांचा कायदा पुन्हा बाहेर काढला. साथ आली की या रस्त्यावर रुग्णवाहिका येतात, पत्रकार येतात, मंत्री येतात.

याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना गिरणी कामगारांच्या तीन-चार पिढ्या नांदल्या. त्यांना आतून पोखरणारे आजार मात्र चोरपावलांनी आले. छातीचे, तोंडाचे, रक्तदाबाचे, साखरेचे. छातीच्या, तोंडाच्या आजारांनी तरी आधी सांगितलं नव्हतं असं कोणी म्हणू नये. वर्ष-वर्ष आधी सांगितलं होतं, घरच्यांच्या लक्षातही आलं होतं. पण दवाखान्यात जायचं तर दिवस मोडायचा, आणि दिवस मोडला की खाडा. गिरणगावातली निम्मी दुखणी या एका हिशेबापायी अंगावर काढली गेली.

सोमवारची छाती

कापसाच्या गाठी जिथे फुटायच्या ती ब्लो रूम आणि कापूस जिथे पिंजला जायचा ते कार्डिंग, ही गिरणीतली सगळ्यात धुळकट खाती. पाळी सुटली की माणूस भुवयांपर्यंत पांढरा होऊन बाहेर यायचा. त्या धुळीत नुसता कापूस नसतो. बोंडाभोवतालच्या पानांचा चुरा असतो, जंतूंचे विषारी अंश असतात. त्यांनी श्वासनलिका आवळल्या जातात. या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, आणि त्याची पहिली खूण मोठी चमत्कारिक आहे. ती सोमवारी दिसते. रविवारची सुट्टी झाली, सोमवारी माणूस कामावर गेला की दुपारनंतर छाती जड होते, धाप लागते, कोरडा खोकला येतो. मंगळवारी जरा बरं, बुधवारी ठीक, गुरुवारी विसरूनही जातो.

ब्रिटनमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात या सोमवारवरूनच आजाराच्या पायऱ्या लावल्या. आधी एखाद्याच सोमवारी, मग दर सोमवारी, मग आठवड्यातल्या इतर दिवशीही, आणि शेवटी बाराही महिने. पहिल्या पायऱ्यांवर असताना खातं बदललं तर फुप्फुस सावरतं. शेवटच्या पायरीवर गेलेला माणूस गिरणी सोडून गावी गेला तरी धाप त्याच्यासोबत जाते.

आता चाळीतलं निदान पाहा. रविवारी मटण झालेलं, कोणी थोडी घेतलेली. सोमवारी माणूस धापा टाकत घरी आला तर दोष रविवारला. धूळ उतरावी म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकायचा, झोपायचं. मंगळवारी बरं वाटलं की विषय संपला. आणि समजा, एखाद्याला शंका आलीच, तरी तो जाणार कधी? बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा तेव्हा त्याला काम मिळायचं; एक दिवस चुकला की त्याची जागा दुसरा घ्यायचा. कायम झालेल्यालाही जॉबरची, म्हणजे मुकादमाची, मर्जी सांभाळावी लागे. खातं बदलून मागणं म्हणजे पगार कमी करून मागणं. छातीपेक्षा हजेरी मोठी होती.

दहा बाय सोळाची खोली

प्लेगनंतर मुंबईला हवा-उजेडाची जाण आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे ना. म. जोशी मार्गावर मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची. एका खोलीत दहा-बारा गाववाले, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. वळकटी एकाची उठली की दुसऱ्याची पडायची. क्षयाला याहून सोयीची जागा कुठली?

त्यातही एक पहारा होता, खानावळवाल्या बाईचा. कोकणातून, देशावरून एकटे आलेले पुरुष तिच्याकडे जेवायचे. ताटात भात कोण ठेवतो, कोणाची भाकरी दोनावरून एकावर आली, कोण तांब्यावर तांब्या पाणी रिचवतो, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. भूक मरणं, वजन उतरणं, सतत तहान लागणं या वैद्यकाच्या पुस्तकातल्या खुणा ती पंगतीत वाचायची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यांच्या कष्टाला नाव मिळालं. त्यांच्या या नजरेला मात्र आरोग्यखात्याच्या कुठल्याच वहीत रकाना नव्हता.

तव्यावरची तंबाखू

गिरणीत कापूस असल्याने बिडी-काडीला मनाई. म्हणून पुरुषांच्या तळहातावर तंबाखू आणि चुना आला. बायकांची सवय वेगळी. पहाटे नळाचं पाणी भरून झालं की स्टोव्हवर जुना तवा चढायचा. त्यावर तंबाखूची पानं परतायची. धूर खोलीभर, पोरं ठसकत गॅलरीत पळायची. पानं काळी, कुरकुरीत झाली की हातानेच चुरायची आणि डबीत भरायची. मग उकिडवं बसून बोटाने हिरड्यांवर मिश्री. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दिवसभरात बाईला स्वतःसाठी एवढाच काय तो निवांतपणा. दात दुखत नाहीत, पोट साफ होतं, भूक लागत नाही, अशी कारणं असायची. यातलं भुकेचं कारण सगळ्यात खरं होतं.

ही सवय किती पसरली होती ते १९९०च्या दशकात कळलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रकाश गुप्ता यांच्या चमूने कुलाब्यापासून वरच्या जुन्या मुंबईत, मतदार याद्या हातात घेऊन, पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख माणसांची घरोघरी विचारपूस केली. ६९ टक्के पुरुष आणि ५७ टक्क्यांहून जास्त बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. बायकांची जवळजवळ सगळी बिनधुराची. काही वर्षांनी तीच दारं पुन्हा ठोठावली गेली. कोण आहे, कोण गेलं. तंबाखूला न शिवणाऱ्यांच्या तुलनेत बिडी ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण पावणेदोन पट होतं. तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या बायकांत ते सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त भरलं. "बायका कुठे बिडी ओढतात" म्हणून ज्या सवयीकडे काणाडोळा झाला होता, तिचा हिशेब २००० साली असा छापून आला.

तोंडाच्या कर्करोगाच्या खुणा शोधायला यंत्र लागत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. तोंड उघडताना आपलीच तीन बोटं उभी आत न जाणं. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांत हे विशेष. आणि तिखट झोंबायला लागणं. लालबागच्या मसाला गल्लीच्या शेजारी राहणारा, आयुष्यभर झणझणीत खाल्लेला माणूस एक दिवस आमटी बाजूला सारतो, तेव्हा सून म्हणते, "मामंजी, मसाला जास्त झाला का?" मसाला तेवढाच असतो. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून परळला आहे, चालत जाण्याच्या अंतरावर. तरी "टाटाला नेलंय" या दोन शब्दांचा धसका असा, की माणसं तिथे अगदी शेवटी जायची, आणि शेवटी गेल्यामुळे तो धसका खराच ठरायचा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. राज्यातलं तंबाखूसेवन २००९-१० मधल्या ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर उतरलं. उतार आहे, पण चौघांमागे एक अजून आहेच.

विम्याचं कार्ड आणि संप

खाड्याच्या भीतीवर एक उतारा या वस्तीला मिळाला होता. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि मुंबईत ही योजना १९५४ मध्ये सुरू झाली. दवाखाना, औषध, आणि मुख्य म्हणजे आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग. क्षयासारख्या लांबणाऱ्या दुखण्याला जास्त दिवस. परळचं गांधी हॉस्पिटल हे कामगारांचं हक्काचं ठिकाण झालं. रांग लांब असायची, पण त्या रांगेत उभं राहिल्याने चूल विझत नव्हती. कुठल्याही औषधाइतकं या गोष्टीला मोल होतं.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार गेला, नोकऱ्या गेल्या, माणसं गावी गेली, पोरांची शिक्षणं तुटली, हे सगळं लिहिलं-बोललं गेलं आहे. विम्याचं कार्डही निकामी झालं, याबद्दल फार कोणी बोललं नाही. चाळिशी-पन्नाशीतले हे पुरुष. धूळ भरलेली छाती, मागाच्या खडखडाटाने मंद झालेले कान, नुकता वाढू लागलेला रक्तदाब. ज्या वयात कोणी तरी नियमित तपासायला हवं, नेमकं त्याच वयात त्यांच्या मागचा दवाखाना सुटला. मुंबईतल्या एका कापड गिरणीतल्या बिसिनोसिसवरचा डॉक्टर-कार्यकर्त्यांचा अभ्यास १९९५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला, तेव्हा गिरण्यांच्या जमिनींचे नकाशे तयार होऊ लागले होते.

टॉवरच्या गेटवर

आता त्या जमिनींवर टॉवर आहेत आणि गेटवर वॉचमन. कामगाराचा पोरगा किंवा नातू, बारा तासांची ड्यूटी, आठवडाआड रात्रपाळी. आजोबा पाळीभर यंत्रांमधून चालायचे. हा खुर्चीत असतो. जाग राहावी म्हणून गोड चहा, भूक लागली की वडापाव, घरी परतताना लालबागच्या चिवडा गल्लीतून फरसाण. धूळ गेली, मीठ-साखर-तेल आलं. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत आईलाही आता जिने नाहीत, नळावरची खेप नाही. गुडघ्यांना आराम आहे आणि कमरेचा घेर वाढतो आहे.

महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने मुंबईकरांची पाहणी केली. साधारण ३४ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या रेषेपलीकडे. देशभराचा आकडा २०२३ मध्ये आला : १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर माणसं त्या उंबरठ्यावर. या आजारांचं वाईट हे, की यांना सोमवारही नाही. छाती जड होत नाही, तिखट झोंबत नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, पायाची जखम रेंगाळणं, चढ चढताना छातीत दाबल्यासारखं होणं, इथवर येईपर्यंत आत बरंच बिघडलेलं असतं. म्हणून इथे खुणेची वाट बघायची नसते, मोजायचं असतं. रक्तदाब १४०/९०च्या खाली, उपाशीपोटी साखर १००च्या आत. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८०च्या आत. आणि जुना नियम अजून तसाच आहे : खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची.

हे मोजमाप माणसाच्या दारात गेलं तर काय होतं, तेही याच शहराने दाखवलं आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर एक प्रयोग चालवला. दहावी शिकलेल्या मुलींना शिकवून तयार केलं. त्या वस्तीतच तपासणी करायच्या. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. दर दोन वर्षांनी. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी निष्कर्ष मांडला : या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यंत्र महाग नव्हतं, डॉक्टर मोठा नव्हता. बाईला घरकाम सोडून, रोज बुडवून कुठे जावं लागलं नाही, एवढाच फरक होता. महापालिकेने २०२२ पासून सुरू केलेल्या 'आपला दवाखाना' योजनेतले बरेच दवाखाने रात्री दहापर्यंत उघडे असतात, तेही याच शहाणपणातून.

गिरणीमालक खाडा मांडायचा. आज तो आपण मांडतो. या भागातल्या नव्या इमारतींत राहणारे, ऑफिसं चालवणारे, घरी बाई आणि गेटवर वॉचमन ठेवणारे आपण. सोसायटीच्या पुढच्या सभेत लिफ्टच्या देखभालीच्या खर्चाखाली आणखी एक ओळ घालता येईल : प्रत्येक वॉचमनला, सफाईवाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला वर्षातून दोन सकाळी भरपगारी मोकळ्या, रक्तदाब आणि साखर तपासायला. शंभर घरांत वाटला तर हा खर्च घरटी फारसा येणार नाही.