माठ, पिंप आणि देवदूतांचा वाटा

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते मुलाकडे ग्लासगोला गेले होते, तेव्हा स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या एका बेटावर जाऊन तीन डिस्टिलऱ्या पाहून आले. बेटाच्या इंग्रजी नावात 'एस' आहे, पण तो उच्चारायचा नाही. नाव म्हणायचं 'आयला', अगदी आपल्या उद्गारासारखं! ओकच्या पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते आणि तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, हे त्यांना तिथे कळलं. परत आल्यावर त्यांनी गोव्यात कुंकळ्ळीची पॉल जॉन डिस्टिलरी पाहिली. गोव्यात हा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. त्यांचा प्रश्न असा : उकाड्यात व्हिस्की लवकर मुरते आणि गोव्याचं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची चार, हे खरं का?

आधी हिशोब करू. २०० लिटरचं पिंप १२ वर्षं ठेवलं तर स्कॉटलंडमध्ये १५७ लिटर उरतील, गोव्यात जेमतेम ७४. म्हणजे गोव्यात १२ वर्षं थांबणं परवडतच नाही. पण लवकर उडणं आणि लवकर मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णतेने लाकडातला रंग, व्हॅनिलाचा वास, तुरटपणा भराभर उतरतो हे खरं. हवेतला ऑक्सिजन लाकडातून सावकाश झिरपून जे बदल घडवतो, ते मात्र त्याच पटीत धावत नाहीत. लोणच्याची बरणी उन्हात ठेवली म्हणून वर्षाचं लोणचं महिन्यात मुरत नाही. त्यामुळे 'एकाला चार' हा भाव मला जाहिरातीचा वाटतो. गोव्याची व्हिस्की चांगली असेल तर ती गोव्याची म्हणून चांगली आहे.

यात उकाड्याइतकाच वाटा दमटपणाचा आहे, आणि तो पुणेकरांना माठावरून पटकन कळेल. एप्रिलच्या कोरड्या दुपारी आपल्या माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. तोच माठ गोव्यात नेऊन ठेवा, पाणी कोमटच राहील. तिथली हवा आधीच ओली, ती माठाचं पाणी घेणार कुठे? पिंपाचंही तसंच. लाकडातून पाणी आणि अल्कोहोल दोन्ही झिरपतात. बाहेर दमट हवा असली की पाण्याची वाट अडते. हवेत अल्कोहोल मात्र नसतंच, त्यामुळे त्याला कुणी अडवत नाही. म्हणून दमट गोदामात दारूचा कडकपणा वर्षागणिक उतरतो आणि कोरड्या गोदामात चढतो. हेच पिंप पुण्यात उन्हाळाभर ठेवलं तर त्यातून पाणी जास्त जाईल.

माठ गार का होतो, हे मुळाशी जाऊन सांगणारा माणूस ग्लासगोच्याच विद्यापीठातला प्राध्यापक. जोसेफ ब्लॅक. त्याचा जन्म १७२८ सालचा, फ्रान्समधल्या बोर्दोचा. वडील वाइनचे व्यापारी. पाणी उकळू लागलं की खाली कितीही जाळ घाला, तापमापक पुढे सरकत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? ब्लॅकला या प्रश्नाने पछाडलं होतं. भट्टी नीट लागली असेल तर किती वेळात किती दारू खाली उतरेल, हे एका अनुभवी भट्टीवाल्याने त्याला बिनचूक सांगितलं. ब्लॅकने त्यातून मोठी गोष्ट हेरली : वाफ होताना उष्णता ठरलेल्या हिशोबाने खर्च होते, फक्त ती दिसत नाही. हाच आपला दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा. एक ग्रॅम पाणी ० अंशांवरून १०० वर न्यायला १०० कॅलरी लागतात, त्याची वाफ करायला ५४०! माठातून उडणारं पाणी ही उष्णता माठातूनच घेतं, म्हणून माठ गार.

ब्लॅकने हे वर्गात शिकवलं, छापलं मात्र नाही. १७९९ मध्ये तो गेला आणि व्याख्यानं पुस्तकरूपाने आली ती १८०३ मध्ये. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा जेम्स वॅट वाफेच्या इंजिनामुळे जगभर गाजला. वाफ थंड करायला इतकं पाणी का लागतं, या वॅटच्या कोड्याचं उत्तर ब्लॅककडे तयार होतं. आपण मात्र पोरांना वॅटच्या किटलीची दंतकथा सांगतो. त्या भट्टीवाल्याचं तर नावही आपल्याला ठाऊक नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

वाचकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी मार्च ते मे दरम्यान गोव्याला गेलात तर काजूची भट्टीही बघा. सत्तरी तालुक्यात मी एक पाहिली. बोंडांचा आंबवलेला रस तांब्याच्या भांड्यात उकळत होता आणि वाफ नळीतून 'लावणी' नावाच्या मडक्यात उतरत होती. पहिल्या धारेचा उर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. भट्टीवरचे काका सारखे त्या मडक्यावर गार पाणी ओतत होते. वाफेत लपलेली सगळी उष्णता द्रव होताना बाहेर पडते, आणि ती वाहून न्यायची जबाबदारी त्या पाण्याची. पाणी कमी पडलं तर फेणी वाफ होऊनच निघून जाईल. तापमापक कुठेच नव्हता. काकांनी लावणीवर तळहात टेकवला, क्षणभर थांबले आणि जाळातलं एक लाकूड मागे ओढलं.