मांजर आणि दूधभात

मांजराला दूधभातावर वाढवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यामागे मायाच असते. पण मांजर हा अनिवार्य मांसाहारी प्राणी आहे. म्हणजे त्याला लागणारी काही द्रव्ये निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळतात. त्यांतले मोलाचे द्रव्य टॉरिन (हृदय व डोळ्यांना लागणारे अमिनो आम्ल). परसात कढीपत्ता असला की तो विकत आणावा लागत नाही. तसेच कुत्र्याचे शरीर टॉरिन बहुधा स्वतःच तयार करते आणि असे घरचेच वापरते. मांजराला ते बाहेरूनच मिळावे लागते. पॉल पियन व सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले, की टॉरिन कमी पडल्यास मांजराचे हृदय फुगून दुबळे होते आणि ते वेळेवर पुरवल्यास सावरतेही. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही.

दुधातले लॅक्टोज (दुधातली साखर) बहुतेक मोठ्या मांजरांना नीट पचत नाही, जुलाब होतात. प्यायला पाणीच ठेवावे. घरात मांस शिजत नसेल, तर मांजरांसाठीचे संपूर्ण पोषणाचे तयार खाद्य आणावे. कुत्र्यांचे चालत नाही. बदल आठवडाभरात, थोडाथोडा करावा. या काळात मांजर दिवसभर उपाशी राहिले, तर पशुवैद्यकाला दाखवावे. उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठू लागते.